माझ्या नाकाशेजारची साधी गाठ

नाही, पण मला एक सांगा, घाबरण्यासारखं काही नाही तर मग ती तपासायला कशाला पाठवता? साधा प्रश्न आहे की नाही? आणि टेबलावर आडव्या पडलेल्या माणसाने तो विचारला तर डॉक्टरबाईंनी म्हणावं, "काका, गाल हलवू नका"? हे उत्तर झालं? अहो, मला इतक्या सफाईने आजवर कुणी उडवून लावलं नव्हतं... आणि पत्रकाराला उडवून लावणं हाच ज्यांचा धंदा, अशा माणसांत मी जन्म काढलाय!

थांबा, मुळापासून सांगतो. ही पट्टी दिसतेय ना, नाकपुडीच्या शेजारी? तिथे माझी गाठ होती. मसुराएवढी होती तोवर आमचं बरं चाललं होतं. ती माझ्या वाटेला जात नव्हती, मी तिच्या जात नव्हतो. पुढे ती हरभऱ्याएवढी झाली आणि दाढी करताना रोज कापायला लागली. रोज रक्त, रोज कागदाचा कपटा चिकटवून पत्रकार परिषदेत हजर! मी अडचणीचा प्रश्न टाकावा आणि समोरच्या मंत्र्याने माझ्या नाकाकडे बघत म्हणावं, "अरेरे, काय लागलं हो?" झालं! प्रश्न गेला वाहून! शेवटी बायको म्हणाली, "अहो, एकदा दाखवून या. घाबरण्यासारखं काही नसेल."

घाबरण्यासारखं काही नाही! तुम्हाला सांगतो, हे वाक्य मी इतक्या वेळा लिहून घेतलंय की माझं पेन ते आता आपणहून लिहितं. धरणाच्या भिंतीला तडा गेला, मोठे अभियंता म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही. संध्याकाळी बाजारात गुडघाभर पाणी! पतपेढीचे अध्यक्ष हसत हसत म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही. सोमवारी दाराला कुलूप आणि अध्यक्ष परदेशात! लांब कशाला, आमच्याच मालकांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून, चहा पाजून हेच सांगितलं आणि रविवारची पुरवणी बंद करून टाकली. हे वाक्य कानावर पडलं की मी आधी बाहेर पडायचा दरवाजा कुठे आहे ते बघून ठेवतो.

डॉक्टरबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. भिंगातून बघितलं, बोटाने दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "साधी गाठ आहे काका. काढून टाकू. घाबरण्यासारखं काही नाही."

मी म्हटलं, "हे तुम्ही अधिकृतपणे सांगताय?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या नावानिशी छापलं तर चालेल?"

बायकोने माझ्या पायावर पाय दिला. चपलेसकट!

पण मी ऐकतो होय? एकाच्या सांगण्यावरून मी कधी बातमी सोडली नाही, इथे तर चेहरा माझा होता. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. तेही म्हणाले, साधी गाठ, काढून टाका, घाबरण्यासारखं काही नाही. अक्षरन् अक्षर तेच! आता दोन साहेबांचं निवेदन शब्दशः जुळलं की आपण काय समजायचं? आधी बसून ठरवलंय!

तरी पडलो त्या टेबलावर. तोंडावर हिरवं कापड, त्याला एक भोक, भोकातून फक्त माझं नाक जगाला दिसतंय, आणि वर हा एवढा दिवा. "मुंगी चावल्यासारखं वाटेल हं काका." मुंगी? कुठल्या जंगलातली? मग गाल दगडासारखा झाला, आणि कापडापलीकडून सिस्टरचा आवाज, "मॅडम, डबा आणलाय आज?" "नाही गं, आज कँटीन." अहो, इथे माणूस कापताय आणि जेवणाच्या गप्पा?

मी कापडाखालून ओरडलो, "झालं का काही?"

"निघालं पण काका!"

"नाक?"

"गाठ हो, गाठ! सिस्टर, बाटलीत घाला, तपासणीला पाठवायचीय."

तिथे मी तो प्रश्न टाकला, आणि त्यावर ते 'गाल हलवू नका'. टाके घालून झाल्यावर म्हणे, "नियमच आहे काका, काढलेली गाठ तपासायचीच." नियम आहे! हेही माझ्या पेनला पाठ आहे.

घरी आलो. रिपोर्ट यायचा होता. मी मुद्दाम ओला टॉवेल गादीवर टाकला, रोजच्यासारखा. बायकोने तो उचलला, वाळत घातला आणि गप्प! संध्याकाळी टीव्ही लावला तर तिने आपणहून रिमोट माझ्या हातात दिला. रिमोट हो! म्हणाली, "बघा तुम्हाला हवं ते." म्हणजे ते वाक्य न पटलेलं घरात आणखी एक माणूस होतं.

मी म्हटलं, "अगं, भांड की जरा."

ती म्हणाली, "नको. तुम्ही नुसते असे समोर बसा."

टीव्हीवर काय चाललं होतं, देव जाणे. दोघंही तिकडे बघत बसलो.

रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी वाचला. "साधीच आहे. सांगितलं होतं ना, घाबरण्यासारखं काही नाही?" मी कागद ओढून घेतला, प्रूफ तपासावं तसा वरपासून खालपर्यंत वाचला, नाव माझंच, वय माझंच. शेजारी बायको चष्मा पुसत होती. बराच वेळ पुसत होती. मग तो डोळ्यांवर चढवला आणि भरल्या दवाखान्यात कडाडली, "बघितलंत? उगाच घर डोक्यावर घेतलं होतं! आणि तो ओला टॉवेल पुन्हा गादीवर दिसला ना..."

काय गोड वाटलं म्हणून सांगू! मी असा हसलो, असा हसलो की डॉक्टरबाई ओरडल्या, "काका, टाके!"

बाहेर येऊन थेट संपादकाला फोन लावला. माझ्याच हाताखाली तयार झालेला पोरगा. म्हटलं, "पहिलं पान मोकळं ठेव! जबाबदार व्यक्ती म्हणाली घाबरण्यासारखं काही नाही, आणि खरोखरच काही नव्हतं! माझ्या अख्ख्या नोकरीत पहिल्यांदा!"

तो म्हणाला, "सर, जे सांगितलं तेच झालं. यात बातमी कुठे आहे?"

मी फोन खिशात टाकला. हे त्याला मीच शिकवलंय.

असो. तुमच्यापैकी कुणाच्या चेहऱ्यावर असं काही उगवलं असेल तर लपवत बसू नका, दाखवून घ्या. घाबरण्यासारखं काही... नको, मी नाही म्हणत. डॉक्टरबाईंनाच म्हणू द्या. त्यांचं खरं निघतं.