कानशीचं पातं

नाही, असं नुसतं बोट नका दाखवू धावजी – पण ठीक आहे, दाखवा. मागच्या चतुर्थीपासून तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलं, हे अख्ख्या कळंबला ठाऊक आहे. आज मात्र गिऱ्हाईक होऊन या फळीवर बसलात, आणि गिऱ्हाइकाला अबोला धरायचा पूर्ण अधिकार आहे. बोलायचं ते दुकानदारानं. खिशात ठेवायचा चाकू पाहिजे ना, मिटणारा? मान हलली – म्हणजे पाहिजे. तर ऐका.

हा पहिला, चकचकीत, स्टेनलेसचा. गेल्या वर्षी आपलं महाराष्ट्र राज्य झालं, तेव्हापासून व्यापारी हाच पुढे करतात. लिंबू कापा, कैरी कापा, पुसायचं विसरा – गंजत नाही, काळा पडत नाही. पण धार? आठ दिवसांची पाहुणी! आणि पाजवायला बसलात तर दगड झिजतो, पातं हसत राहतं. असे बुवा आपण दोघांनी पाहिलेले आहेत – कपाळी गंध टवटवीत आणि पहिल्याच अभंगाला गळा बसलेला! हा दुसरा, मोटारीच्या जुन्या कमानपट्ट्याचा. हे लोखंड खऱ्या भक्तासारखं – रोज पुसा, तेलाचं बोट फिरवा, जन्मभर साथ देईल. एक दिवस विसरलात की लगेच तांबूस रुसवा. पण वेळ आली तर वाकेल, मोडणार नाही. आणि तिसरं असतं ते कानशीचं पातं, जुनी कानस ठोकून केलेलं – धार अशी की केस उभा चिरावा – पण फार कडक. वाकणं त्याला माहीतच नाही, जरा तिरपं झालं की – ते असू द्या. कानशीचं मी ठेवत नाही. का ठेवत नाही? ठेवत नाही, झालं.

आता आकार. हे टोकदार – काटा काढायला बरं, पण खिशाचं अस्तर फाडतं आणि बसलं की मांडीला टोचतं. हे पोट सुटलेलं – कातडी सोलणाऱ्याच्या कामाचं, आपण दोघं माळकरी, आपल्याला कशाला? आणि हे बघा, बोथट नाकाचं. टोकच नाही! सरळ धार आणि पुढून खाली झुकलेलं, गाभाऱ्यात शिरताना माणूस झुकतो तसं. अहंकार झडलेला आकार म्हणतो मी याला. दूर्वा कापा, सुतळी कापा, कापसाच्या गाठोड्याची शिवण उसवा – उतारवयात यापरता आकार नाही, मी तर म्हणतो ज्याच्याजवळ टोकाचा चाकू असेल त्यानं टोक घासून टाकावं – हसलात का? नाही? मिशी हलल्यासारखी वाटली.

हा – हा चाकू काहून काढला खिशातून? ठेवा आत. फळीवर नका ठेवू, माझ्या मालात मिसळेल. धावजी, मले माहीत आहे हा कोणाचा आहे. तुझ्या बापानं बैलांवर मीठ लादून फिरणं सोडलं, तांड्यात पहिलं वावर केलं, त्या साली नेरच्या लोहाराकडून करून घेतला. कानशीचं पातं. अन् त्याले टोक होतं – हो, होतं. असं पाहू नको माझ्याकडं.

बरं, ऐक. मागच्या चतुर्थीले घरची म्हणत होती, विळीनं खोवा. मी म्हटलं, धावजीचा चाकू मागून आणला आहे, विळी कायले? मोदकाचे नारळ, खोबरं करवंटी सोडेना – मी टोक आत घातलं अन् जरासं तिरपं केलं. टक्! एवढाच आवाज. अन् टोक गेलं कुठं? समोर परातभर सारण, शंभर माणसांचा प्रसाद! सगळी परात मी चिमटी-चिमटीनं चाळली. घरची समजली जप चालला आहे. जप कशाचा – नुसतं ‘टोक, टोक’ म्हणत होतो. शेवटी करवंटीतच रुतलेलं निघालं. मग ते मोडकं नाक घासून गोल केलं. कशावर घासलं, विचारू नको. – देवाचं चंदन उगाळतो त्या सहाणेवर. दोन दिवस देवाले लोखंडी गंध लागलं.

अन् त्याच संध्याकाळी आरतीनंतर मी सत्यावर निरूपण केलं, आठवते? अन् उतरलो तसा तुले चाकू हातोहात दिला. म्हटलं, धावजी, तुझ्या चाकूचा अहंकार काढून टाकला. तू पातं उघडलं, पाहिलं, मिटलं, मृदंग खांद्यावर घेतला अन् आपल्या खोलातल्या देवळाच्या पायऱ्या चढून बाहेर निघून गेला. मी महिनाभर गावाले सांगून राह्यलो की धारेची वस्तू हातात देऊ नये, चाकू हातोहात दिला म्हणून भांडण लागलं. चाकूचा काय दोष? बापाची वस्तू मोडली अन् वरून तुलेच उपदेश केला – भांडण त्याचं आहे.

उद्या अंगारकी आहे. तुझ्या जागी शंकरसिंग वाजवतो मृदंग, नाही असं नाही, पण तो वाजवतो म्हणजे भाकरी थापतो. माझा अभंग तिसऱ्या ओळीले पांगळा होते. हे टोक – महिनाभर सुपारीच्या डबीत जपून ठेवलं आहे. अन् हा माझा स्वतःचा चाकू, कमानपट्ट्याचा, टोक शाबूत. दोन्ही या फळीवर ठेवतो. हातात देणार नाही. एकदा दिला, पुरे झालं.

फक्त टोकच उचललं? अन् चाकू? धावजी, बोल नं काही. निदान शिवी तरी दे, तुझ्या बोलीत दे, मले समजते –

हे काय? फळीवर बोटं काय वाजवून राह्यला? … थांब. … हा तर माझ्याच अभंगाचा ठेका आहे. अन् तिसरी ओळ –

ऊठ! ऊठ म्हणतो ना, दुकान बंद आहे. घरी जा, मृदंगाले कणीक लाव, महिनाभराचा वाळला असेल. अन् तो माझा चाकू खिशात घाल – उचल, तुझ्या हातानं उचल.