अर्जाले जोडलेली चावी

राऊटरची गुप्त चावी कोनी मेलवर धाडते का, तुमीच सांगा! मंगरूळपीरच्या एका पतसंस्थेत मी राऊटरवर सुरक्षेचं सर्टिफिकेट बसवाले गेलो होतो. तिथल्या गजाननबाबूले म्हनलं, "अर्जाची फाइल अकोल्याच्या हेड ऑफिसले सहीसाठी पाठवा." पठ्ठ्यानं अर्जासंगं राऊटरची ओळख पटवनारी गुप्त चावीची फाइलबी मेलवर धाडली.

"काहून?"

"अपूर्ण अर्ज वापस येते ना, सर."

"अहो, ही चावी ज्याले भेटली तो तुमचा राऊटर बनून बसन!"

मीबी इरेले पेटलो. नवी चावी बनवली, नवा अर्ज बनवला आन् सोताच्या हातानं फक्त अर्ज धाडला.

दहा मिनिटांत हेड ऑफिसचा फोन आला. "सर, अर्ज अपूर्ण आहे. मागच्यासारखी चावी जोडून पाठवा."

गजाननबाबू गालात हासला. म्या लॅपटॉप बॅगेत कोंबला.

"बाबू, अकोल्याची बस किती वाजता हाय?"