होडीच्या तळाचा रंग

रंगाच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या एका सुताराच्या पुढे एक नवरा-बायको हळू आवाजात भांडत होते.

“तोच जालीम रंग घेतलात, तर याद राखा.”

“अगं, त्यानेच होडीच्या तळाला शेवाळ धरत नाही.”

“आणि त्याचं विष पाण्यात उतरून माझी कालवं वेडीवाकडी निघतात, आत मांसच नाही, त्याचं काय? विकू काय मी, नुसती कवचं?”

“साधा रंग लावला तर दर महिन्याला तळ खरवडावा लागेल. माझ्या कमरेचं काय?”

“कमरेचं कौतुक पुरे. रोज मीच चोळते ती. येईन मी खरवडायला.”

“तू? चिखलात?”

“कालवं काय गादीवर बसून काढते?”

दुकानदाराने विचारलं, “काका, नेहमीचाच डबा?”

“नाही, बिनविषारी द्या. आणि खरवडायला दोन स्क्रेपर. एक हलका बघा.”

“हलका यांना द्या,” बायको म्हणाली.