फकिराचं लंघन

(सन १९५७, फ्लूची साथ. नव्यानं आंध्रात गेलेल्या जैनथकडचं एक गाव. धोंडीबा-बयनाबाईच्या घराची ओसरी, दुपार.)

रेणुकाबाई : घास धर म्हन्लं ना! कवाची टोपलं मांडीवर घेऊन बसली मी. चाकर हाये का तुही?

बयनाबाई : ठेवा तिथं, मोठीमाय.

रेणुकाबाई : ठेवा म्हने! कडू घास ठेवाचा नसते, खाचा असते. मयताच्या घरी चूल पेटत नाही, भावकीनं भाकर आनाची. पन या साथीत भावकी पाह्य कुठं दडली! माणिकरावाची बायको दाराआडून बोलते, "आमच्या घरी लेकरं हायेत." मी म्हन्लं, मंग बयनाचं काय मांजराचं होतं? पीठ घेतलं तिच्याजवळून अन् भाकरी मी थापल्या. माह्या जित्तेपनी या गावात मयताचं घर उपाशी राह्यनार नाही.

बयनाबाई : लई उपकार तुमचे.

रेणुकाबाई : उपकार चुलीत घाल. पदराखाली तीन महिन्यांची पोरगी हाये. दूध येते का?

बयनाबाई : सकाळपासून नाही.

रेणुकाबाई : मंग! एकाले सकाळी मातीत ठेवून आला धोंडीबा. आता हिलेबी ठेवाचं का?

बयनाबाई : भाकरीकडं पाह्यवत नाही.

रेणुकाबाई : रडली का तू?

बयनाबाई : नाही.

रेणुकाबाई : रड, अन् मंग खा. फकिराचं काळीज जन्मापासून कमजोर, व बाई. दोन पायऱ्या चढला का ओठ निळे. किनवटच्या डाक्टरनं तवाच सांगतलं होतं, हे लेकरू लई दिवसाचं नाही.

बयनाबाई : थो डाक्टर असता तं...

रेणुकाबाई : कुठून असन? किनवट गेलं तिकडं मुंबई राज्यात, आपल्याले टाकलं आंध्रात. पिढ्यान् पिढ्याचा एक जिल्हा, भाकरीसारखा मोडला. इचारलं का कोनी तुले-मले?

बयनाबाई : नवा डाक्टर आलता नं जीपीतून.

रेणुकाबाई : थो तेलंगी? मराठीचा एक बोल येत नाही, अन् आमाले लेकरं वाचवाले शिकवते!

बयनाबाई : त्याच्या चपराश्यानं मराठीत बराबर सांगतलं होतं. पेज पाजा. भाकर दुधात कुस्करून द्या. याले उपाशी ठेवू नका.

रेणुकाबाई : तापात अन्न घालनं म्हन्जे ताप पोसनं. माही चारी लेकरं लंघनावर वाचली.

बयनाबाई : तुमी सात दिवस सांगतले होते. सहा झाले.

रेणुकाबाई : सहाच? अन् सातव्याले काय केलं तू?

बयनाबाई : सातवा आज हाये, मोठीमाय. चौथ्या दिवशी ताप उतरला होता त्याचा.

रेणुकाबाई : काय बोलून राह्यली तू?

बयनाबाई : आंग गार. डोळे उघडून म्हने, माय, भाकर. मी पळतच तुमच्याकडं आली. तुमी आंगनात जवारी निवडत होत्या. मान वर नाही केली. म्हन्ल्या, सात म्हन्जे सात, मांगते म्हनून देशीन तं दुखनं उलटन.

रेणुकाबाई : ताप उतरला हे तू सांगतलं नाही मले.

बयनाबाई : सांगतलं.

रेणुकाबाई : नाही सांगतलं!

बयनाबाई : एकदा सांगतलं. तुमच्यापुढं दोनदा कोन बोलते?

रेणुकाबाई : बयना...

बयनाबाई : मंग थो मांगत राह्यला. मी टोपलं शिंक्यावर टांगलं, तं शिंक्याकडं पाहे. काल मांगनं बंद केलं. मले वाटलं, समजदार झालं माहं लेकरू.

रेणुकाबाई : चुप. चुप बस.

बयनाबाई : काळजानं गेला का उपासानं, देवाले ठाऊक. पन उपाशी गेला. आता हा घास मी कसा गिळू, तुमीच सांगा. तुमी सांगान तसं करतो.

रेणुकाबाई : मले कोनी अडवलं काऊन नाही, व?

बयनाबाई : तुमाले?

रेणुकाबाई : ...थांब. चंपतरावाच्या पोराचा आज कितवा?

बयनाबाई : यशवंताचा? त्याचा काय?

रेणुकाबाई : त्याच्या मायले, मथुरेले, मीच सांगतलं लंघन. त्यालेबी सात.

बयनाबाई : ताप हाये का त्याले अजून?

रेणुकाबाई : मी इचारलं कुठं! हात धर माहा. मी जातो तिकडं.

बयनाबाई : मी येतो संगं.

रेणुकाबाई : सुतकात कोनाच्या दारी जाशीन तू?

बयनाबाई : त्यांच्या घरी सुतक याच्या आंधी जातो. पोरीले घ्या तुमी.

रेणुकाबाई : रस्त्यात पडशीन. पोटात काही नाही तुह्या.

बयनाबाई : द्या तं इकडं. चालता चालता खातो.

रेणुकाबाई : (चंपतरावाच्या दारापुढं) मथुरे! ए मथुरे! दार उघड!

मथुराबाई : कोन, मोठीमाय? दुरूनच बोला, लेकरू लंघनावर हाये. तुमच्या शब्दाबाहेर गेली नाही मी. पान्याशिवाय थेंब नाही देल्ला, देवाची आन.

रेणुकाबाई : लंघन मोड.

मथुराबाई : पन तुमीच तं सात म्हन्ल्या. आज पाचवाच हाये.

रेणुकाबाई : चुकली मी. आयकू आलं का? का चावडीवर जाऊन सांगू? चुकली मी. फकिराले मी उपाशी धाडलं.

मथुराबाई : असं काऊन बोलता, मोठीमाय? अन् ही कोन... बयना? अव, सकाळीच तं तुह्या पोराले... तू इथं कशी?

बयनाबाई : यशवंता काही मांगते का?

मथुराबाई : सकाळपासून भाकर मांगून राह्यला. मी कानावर हात ठेवून बसली.

बयनाबाई : पेज टाक, मथुरा. मांगते तवरच दे.