डोक्यावरचा रुपया

ऐका मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. चांगल्याला चांगलं जोडलं, म्हणजे चांगलंच होतं का? — पुढच्या रांगेतले काका मान डोलावून मोकळेसुद्धा झाले! थांबा काका. आमचे तबलजी बघा, हात गोड. पेटीवाले बघा, तेही तयारीचे. पण तबला लावलाय काळी दोनला आणि पेटीनं सूर धरला पांढरी चारचा — मग? दोघंही गुणी, आणि तुम्ही मात्र हळूच चपला शोधायला लागाल!

तर कुरुंदवाडात शशिकलाताई गुरव राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, करारी बाई. वडील बापू गुरव देवळात भजन म्हणायचे. असा आवाज, की माणूस घाटावर अंघोळ अर्धी टाकून ऐकत उभा राहायचा! भजनी मंडळानं हौसेनं त्यांच्या थोड्या रेकॉर्डी काढल्या होत्या. बापू गेले. पुढं महापुरात रेकॉर्डीही गेल्या. उरली एक. माळ्यावर होती म्हणून उरली.

आणि घरात आई. आईचे कान उतरत चाललेले. डॉक्टर म्हणाले, पुढं आणखी उतरतील. आई एकदाच बोलली, "कान हायेत तोवर ह्यांचं एकदा ऐकव." झालं. ताईंनी मनाशी धरलं — ऐकवायचंच!

रेकॉर्ड वाजवायचा बापूंचा टर्नटेबलही माळ्यावरच वाचला होता. त्याचा तो आडवा दांडा, टोनआर्म म्हणतात, चांगला जडशीळ, बैठकीतून न सुटणारा. दांड्याच्या टोकाला एक डबी असते, कार्ट्रिज. तिच्यात पिन. जुनी पिन झिजलेली. धाकटा भाऊ मनोहर बंगळुरात. त्यानं हौसेनं दुकानातली सगळ्यात भारी कार्ट्रिज पाठवली. पिन इतकी नाजूक, इतकी लवचीक, की फुंकर मारली तरी हलेल. दांडा उत्तम, पिन उत्तम! आता काय कमी?

रेकॉर्ड लावली. बापूंनी पहिला शब्द उचलला — आणि पिननं उडी मारली. परत तोच शब्द. परत उडी. आई कानाला हात लावून पुढं वाकून बसलेली, आणि बापू पहिल्या ओळीतच अडकलेले.

मनोहरला फोन झाला. तो म्हणाला, पिनवरचं वजन वाढव. शेजारच्या दत्तोपंतांनी तर खिशातून रुपया काढला. म्हणाले, आमच्या वडिलांची रीत, दांड्याच्या डोक्यावर ठेवा, पिनची काय बिशाद उडायची! हसू नका मंडळी. ज्यांच्या घरी ग्रामोफोन होता, त्यांनी हे केलेलंच आहे. मागं खांबाला टेकलेले आजोबा बघा, कसे खाली बघायला लागले!

ठेवला रुपया. पिन गप्प झाली. रेकॉर्ड पुढं चालली. ताईंना वाटलं, जिंकलं. पण आईनं मान हलवली.

"हे न्हवंत, शशे. ह्यांचा आवाज असा दबल्याला कधी नव्हता. अन् पुढं ह्यांचा खोकला हाय, तोबी असाच दबंल."

कसला खोकला? तर रेकॉर्डिंगच्या दिवशी बापूंचा घसा बसलेला. मधेच खोकला आला, तो तसाच राहिला. तो आईशिवाय कुणाच्या लक्षात राहणार? ताईंनी दांडा उचलला. पिनच्या टोकाला काळा भुगा. मंडळी, तो भुगा म्हणजे काय? बापूंचा आवाज! रुपयाच्या भारानं पिन रेकॉर्ड खरवडत होती. इतकी वर्षं जपलेलं आपल्याच हातानं खरवडलं, म्हणून ताई रडल्या.

पण रडून उठल्या. रेकॉर्ड पाकिटात घातली आणि स्वतःलाच बजावलं, नीट जुळल्याशिवाय ही बाहेर काढायची नाही. जुन्या बाजारातून एक टाकाऊ रेकॉर्ड आणली, ती लावली आणि नुसत्या बघत बसल्या. डोळे दांड्याच्या उंचीला आणून! हिलाही बापूंच्या रेकॉर्डसारखा जरा पोक होता, मधेच उंचवटा. पोक आला की जड दांडा वर जायला उशीर करी, मऊ पिन बिचारी खाली दबे. मग दांडा वर उसळे, खाली येई, पुन्हा उसळे. भारी बैलाला सुतळीनं बांधावं तसं चाललेलं. मग ताईंनी बापूंचीच झिजकी, ताठ पिन लावली. खरखर सगळी, पण दांडा? शांत! त्याच पोकावरून सरळ चालत गेला.

कळलं! पिन वाईट नव्हती. दांडा वाईट नव्हता. जड दांड्याला ताठ पिन हवी, मऊ पिनला हलका दांडा. ताईंनी सांगलीहून साधी, ताठ कार्ट्रिज मागवली. मनोहर रुसला, म्हणाला, एवढी चांगली वस्तू दिली, ती काढून टाकतेस? ताई म्हणाल्या, "वस्तू चांगलीच आहे रे. तुझ्या घरच्या हलक्या दांड्याला लाव, तिथं ती गाईल. इथं तिला दाबावं लागतं, आणि दाबलं की बापू मरतात."

पाण्याचा पेला ठेवून टेबल समपातळीत आणलं. वजन पिनला सोसेल तेवढंच. आणि भाऊबीजेला मनोहर आला, त्या दुपारी रेकॉर्ड लावली. सुरुवातीला खरखर. खरवडलेलं ते खरवडलेलंच, मंडळी, ते परत भरून येत नाही. मग ती हद्द संपली आणि बापू आले! मोकळे, भरदार, माजघर भरून. मनोहर उंबऱ्यातच खाली बसला.

आई डोळे मिटून ऐकत होती. एकाएकी उठायला लागली. ताईंनी विचारलं, काय गं? आई म्हणाली, "आता खोकतील. पाणी देते."

आणि रेकॉर्डमधून खोकला आला.

मंडळी, आता मी तुमच्याकडे वळतो. तुमच्या घरी कोण उड्या मारतंय? नवी सून? मुलगा? म्हातारा बाप? आणि तुम्ही काय केलंत? माणूस गप्प बसला की तुम्ही म्हणता, जमलं! अहो, जमलं की दबलं? खाली भुगा पडलाय का, बघितलंत कधी? आज घरी जा आणि ज्याच्या डोक्यावर तुमचा रुपया आहे, तो आधी उचला. मग बघत बसा, त्याला काय जुळतं ते. वेळ लागेल. लागू द्या!

चला, टाळ उचला. आणि जोरात नको — शेजारच्याचा ठोका ऐकून, मग आपला धरा. घ्या देवाचं नाव!