मालकांच्या खुर्चीतला खिळा

चहा पाणचट आहे म्हणालास ना, आमच्या मालकांनी ऐकलं असतं तर उद्यापासून चहा तुलाच करावा लागला असता. पंचावन्न सालच्या आसपास चिंचवडला पत्र्याच्या शेडमध्ये आमचा कारखाना होता, आणि तिथं मालकांचा एकच कायदा. जो तक्रार करील, त्यानंच ते काम करून दाखवायचं.

एकदा गावठाणातला बबन फिटर सगळ्यांदेखत म्हणाला, "मालक, तुमाला कारखाना चालवता येत न्हाई."

मालकांनी शांतपणे किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात ठेवला. "उद्या माझ्या खुर्चीत तू बस. तुझं काम मी बघतो."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच बबन किल्ल्या घेऊन हजर. "चुकलं मालक. सकाळधरनं चौदा जण भांडून गेले. आन् त्या खुर्चीचा खिळा लई टोचतोय."

"ही तक्रार ना? मग काढ तो."

बबन पक्कड आणून मुकाट्यानं खिळा काढायला बसला. मालक हळूच मला म्हणाले, "तीन वर्षं टोचत होता रे. पण बोललो असतो, तर मलाच काढावा लागला असता."