हेडविगच्या खुर्चीला दिलेली खूण

छे हो, तुमचं काय चुकलं? तुम्ही ऑर्गनवर थांबलात म्हणून निभावलं, दुसरा कुणी असता तर वाजवत पुढे निघून गेला असता. सूप घ्या ना. तो किसलेला मुळा मात्र बेतानं, नाकात जातो. शेजारच्या गावचे तुम्ही, आमचा ऑर्गनवाला कंबर धरून पडलाय म्हणून आयत्या वेळी आलात — तुम्हांला काय ठाऊक आमच्या चर्चची रीत? गावातलं कुणी गेलं तर आम्ही दोन गाण्यांवर भागवतो, पण गाणाऱ्यांपैकी कुणी गेलं तर दफनाआधी अख्खा रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीची गायची प्रार्थना, म्हणायचा — दीडशे वर्षांपूर्वी इथल्याच एका शाळामास्तरानं रचलेला — आणि गेलेल्या माणसाची खुर्ची जागच्या जागी रिकामी ठेवायची. हेडविगची खुर्ची पहिल्या रांगेत, पोल्डीच्या अगदी समोर. पोल्डी म्हणजे माझा नवरा — हो, तोच, सगळ्यांपुढे उभं राहून हात हलवतो तो. माझी खुर्ची? मागे, खांबाआड. खालच्या पट्टीतल्या बायकांना पुढे कोण बसवतं? आम्ही म्हणजे सूपातलं मीठ — नसलं तर बोंब, असलं तर कुणी नाव घेत नाही.

हेडविग गेली, वाईट झालं, बाई चांगली होती — म्हणजे आवाज चांगला होता. प्रार्थनेला येतानासुद्धा ओठ रंगवायची. असो, गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. तर तिचा तो एकटीनं गायचा भाग आज आनेलीसनं गायचा ठरला होता. आनेलीस डाव्या टोकाला उभी. पोल्डीनं स्वतः तालीम करून घेतलेली. आणि आयत्या वेळी हा वळला कुठे? खुर्चीकडे. रिकाम्या खुर्चीकडे वळून त्यानं हात उचलला, सुरुवातीची खूण दिली — आणि थांबला. ती गाईल म्हणून थांबला हो. आनेलीस बिचारी तोंड उघडून तशीच. सगळं चर्च गप्प, आमच्या सज्जाखालच्या बाकांवरून कुणाचा तरी खोकला तेवढा. मग कधीतरी सावरला आणि वळला तिच्याकडे.

सवय — बरोबर, सवयच म्हणा. मीही सकाळपासून सगळ्यांना तेच सांगतेय, अहो इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप वळतो. मग मला का नाही कधी खूण दिली त्यानं? एकदा विचारलं तर म्हणाला, तुला कशाला, तू बरोबर येतेसच. येते ना. जेवण वेळेवर येतं, इस्त्रीचा सदरा येतो, तशी मीही येते. हेडविगला लागायची खूण — तिला काय पाठ नव्हतं? माझ्याआधी पाठ असायचं. तरी दर वेळी हा वळणार, भुवया उचलणार — भुवयांचं मी ऐकलंय हो, मला खांबाआडून त्याचं कोपर दिसतं नि एक कान. घरी त्या भुवया वर गेलेल्या मी पाहिल्या नाहीत. जळते मी. हो, जळते. आज तिला मातीत उतरवलं, वर मूठभर माती मीच टाकली, तरी जळतेच आहे. मी मेल्यावर वळेल का हो तो माझ्या खुर्चीकडे?

पण तुम्हांला दिसलं असणार. तुमची पाठ आमच्याकडे, पण ऑर्गनवर तो आरसा आहे ना, त्यात पाहून तुम्ही वाजवता — त्यात नुसता पोल्डीच दिसतो. मला एवढं एकच सांगा, मी कुठे बोलणार नाही. हात वळला ते सोडा. चेहरा कसा होता? सवयीनं चुकलेला माणूस ओशाळतो, लगेच नजर फिरवतो. तसंच ना? ओशाळला ना तो?

सांगा की. अहो, त्या सूपात काय बघताय?

...राहू दे. कळलं मला. नाही, आता काही बोलू नका — तो येतोय इकडेच, हेडविगच्या बहिणीला पोचवून. ये पोल्डी, बैस, तुझ्यासाठी गरम आणायला सांगते. हे ऑर्गनवाले निघालेत, गाडी गाठायचीय त्यांना. उठा हो.